नवतप्यात व्हॅनमधला फ्रिज थंड ठेवायचा कसा

मागच्या मे महिन्यात आम्ही ग्वाल्हेरहून व्हॅन घेऊन ओरछ्याला गेलो होतो, एक रात्र मुक्काम, फ्रिजमधे आईने बांधून दिलेला चक्का, लोण्याचा डबा, दुधाच्या दोन पिशव्या आणि थोडी कैरी. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने फ्रिज उघडला आणि नुसता वास. चक्का फुगून झाकण वर आलेलं, लोणी डब्यात तेलासारखं डुचमळत होतं. आत थर्मामीटर ठेवला होता, तो १९ दाखवत होता, आणि बाहेर ४५. बायको म्हणाली, अहो हा फ्रिज कसला, हे तर दार असलेलं कपाट आहे. त्यानंतर पूर्ण नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, मी त्या फ्रिजच्या मागे लागलो होतो, आणि आता तो ४४ च्या दुपारी आत ६-७ धरून असतो, पहाटे तर ३ वर येतो. काय काय केलं ते लिहितो, कुणी व्हॅन बनवत असेल किंवा बनवून पस्तावत असेल त्याच्या कामाला येईल.

आधी फ्रिज कुठला ते सांगतो कारण त्यावर सगळं आहे. माझी व्हॅन म्हणजे सेकंडहँड ट्रॅव्हलर मिनीबसच्या सीटा काढून केलेली, आणि फ्रिज एका विलायती कॅरॅव्हॅनमधून निघालेला थ्री-वे फ्रिज, म्हणजे गॅसवर, १२ व्होल्टवर आणि घरच्या २३० वर, तिन्हीवर चालणारा. याला अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज म्हणतात. यात कॉम्प्रेसर नसतो, हलणारा एकही पार्ट नसतो, आवाज शून्य. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, खाली एक छोटी ज्योत किंवा हीटर, त्या उष्णतेने अमोनिया पाण्यातून निघून वर जातो, वर कंडेन्सरमधे थंड होऊन पातळ होतो, मग आतल्या नळीत हायड्रोजनबरोबर उडताना थंडी देतो आणि खाली अ‍ॅब्सॉर्बरच्या वेटोळ्यात परत पाण्यात मुरतो. १९२२ मधे स्वीडनच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हे काढलं. डोकं जबरदस्त, पण स्वीडनमधे लू, म्हणजे आमच्याकडचा उन्हाळ्यातला भाजणारा वारा, चालत नाही हे पण लक्षात ठेवा.

आता मुद्दा. थंडी तयार करण्यासाठी हा फ्रिज आधी स्वतः तापतो, आणि ती सगळी उष्णता, ज्योतीची पण आणि तुमच्या दुधातून काढलेली पण, त्याच्या पाठीमागून बाहेर जायला हवी. मागे हवा खेळली नाही की अमोनिया पातळच होत नाही, मग तुम्ही नॉब पाचवर ठेवा नाहीतर पन्नासवर. मी पहिले आठ दिवस नॉबच फिरवत होतो. दोष सगळा पाठीमागे होता.

कामाला लागण्याआधी फ्रिजच्या आतलं स्टिकर वाचा. त्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. एसएन आणि एन म्हणजे बाहेर ३२ पर्यंतच हमी, एसटी म्हणजे ३८ पर्यंत, टी म्हणजे ४३ पर्यंत. माझा निघाला एसटी. म्हणजे मे महिन्यात ग्वाल्हेरात तो कंपनीच्या हिशोबाबाहेरच चालतोय, त्यामुळे त्याला हाताने मदत करावी लागणार हे धरूनच चला. आणि ते गाडीच्या सॉकेटवर चालणारे छोटे डबे मिळतात ना, थर्मोइलेक्ट्रिक, ते बाहेरच्यापेक्षा १८-२० डिग्री खाली नेतात फक्त, ४५ मधे २५, त्यात तुम्ही साडी ठेवा, दूध नका ठेवू.

हवेची वाट. व्हॅनच्या भिंतीला फ्रिजमागे दोन जाळ्या असतात, एक खाली, एक वर (किंवा वरची थेट छतावर, ते सगळ्यात चांगलं). खालून हवा आत, मागच्या वेटोळ्यांना लागत वर, वरून बाहेर, अगदी चुलीच्या धुराड्यासारखं. ही वाट चालू आहे का बघायला एक उदबत्ती पुरे. गॅस सिलिंडरवरून बंद करा, फ्रिज दोन तास विजेवर चालवा, मग खालच्या जाळीपाशी उदबत्ती धरा. धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. माझ्याकडे धूर जाळीपाशी जाऊन चक्क परत माझ्याच नाकात येत होता. वरची जाळी काढून आत हात घातला तर भट्टी. बॉडीवाल्याने फ्रिज बसवताना मागे चांगली चार इंच मोकळी जागा सोडली होती, मला वाटायचं जागा जास्त म्हणजे हवा जास्त, उलटं आहे सगळं. हवा आळशी असते, तिला चार इंचांची मोकळी गल्ली मिळाली की ती गल्लीतून निघून जाते, कंडेन्सरच्या पात्यांमधून जात नाही. पाती आणि भिंत यात एक इंचापेक्षा जास्त फट नको.

दुसरी चूक वर होती. माझी वरची जाळी बाजूच्या भिंतीत आहे आणि फ्रिजचं डोकं त्या जाळीच्या पण खाली, वर छतापर्यंत सहा-सात इंच पोकळी. गरम हवा तिथे जाऊन बसायची, बाहेर वळायचीच नाही, आणि तीच उष्णता फ्रिजच्या टपावरून आत उतरायची.

उपाय म्हणजे पत्रा. आणि पत्र्याचं काम ग्वाल्हेरात उन्हाळ्यात कोण सगळ्यात सफाईने करतो, तर कूलर बनवणारा. हजीरा भागातल्या एका कूलरवाल्याकडे मापं घेऊन गेलो, त्याने आधी मला वेड्यात काढलं, "भैया, फ्रिज में पत्रा कौन लगवाता है", मग कागदावर काढून दाखवलं तेव्हा पाच मिनिटांत कळलं त्याला, कारण कूलरमधे पण हवेला पत्र्यानेच वळवतात. दोन तुकडे करून घेतले. एक सरळ, तो भिंतीला आतून असा बसवला की खालच्या जाळीतून आलेली हवा वेटोळ्यांकडे ढकलली जावी आणि कंडेन्सरपाशी फट पाऊण इंच राहावी. दुसरा वाकवलेला, कंडेन्सरच्या वरच्या कडेपासून वरच्या जाळीच्या वरच्या कडेपर्यंत तिरपा, घसरगुंडीसारखा, म्हणजे गरम हवा त्याला लागून थेट बाहेर. त्या घसरगुंडीच्या मागे जी पोकळी उरली तिच्यात ग्लासवूल भरलं. थर्मोकोल भरू नका, मागे ज्योत आणि धुराडं आहे, आग लागेल. पत्रा धुराड्याला चिकटू देऊ नका आणि कुठलीच जाळी झाकू नका, एवढं सांभाळलं की झालं. पत्रा लावून परत उदबत्ती धरली, धूर सुर्रकन आत. सगळ्या उपायांत सगळ्यात मोठा फरक या पत्र्याने पडला, पंख्यांनी नाही, लोक आधी पंखे लावतात आणि वाट तशीच ठेवतात.

जाळीला आतून मच्छरजाळी लावलेली असेल तर काढा. बारीक जाळी हवा अडवते आणि इकडची धूळ त्यात बसली की महिन्याभरात भिंतच. मोठ्या भोकांची लावा, गांधीलमाश्या आत घर करणार नाहीत एवढी.

मग पंखे. कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे १२० एमएमवाले दोन, बॉल बेअरिंगचे बघून घ्या, साधे धुळीने एका सीझनमधे अडकतात. कंडेन्सरच्या खाली, तोंड वर, म्हणजे हवा पात्यांवर ढकलतील. बर्नरजवळ नकोत, ज्योत फडफडते. वायर निदान धुराड्यापासून लांबून न्या. आता हे पंखे आपोआप चालू व्हायला बटणाएवढा थर्मल स्विच मिळतो, केएसडी ३०१ नावाचा, तो कंडेन्सरच्या पात्याला चिकटवायचा. पुस्तकी सल्ला असतो ४० किंवा ४५ डिग्रीवाला घ्या. मी ४५ चा घेतला आणि नवतप्यात पंखे रात्री दहापर्यंत बंदच होईनात, अर्थात, बाहेरची हवाच ४५ ची! ५५ चा घ्या, नॉर्मली ओपन (म्हणजे तापल्यावरच चालू होणारा) म्हणून मागा. दोन पंखे प्रत्येकी ०.२ अ‍ॅम्पियर धरले तर चोवीस तासांत साडेनऊ अ‍ॅम्पियर-अवर होतात, सोलर असेल तर काळजी नाही.

आता वीज, आणि इथे बरेच जण फसतात. या फ्रिजचा १२ व्होल्टवाला हीटर साधारण १२० वॅटचा, म्हणजे १० अ‍ॅम्पियर सतत. गाडी चालू असताना अल्टरनेटरवर ठीक, उभ्या गाडीत व्हॅनमधल्या दिवे-पंख्यांच्या बॅटरीवर लावलात तर दहा तासांत १०० अ‍ॅम्पियर-अवरची बॅटरी झोपली. आणि वायर. हीटरला व्होल्टेज थोडं कमी मिळालं की ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशोबाने पडते. माझी वायर अडीच स्क्वेअर एमएमची, बॅटरीपासून फ्रिजपर्यंत सहा मीटर जायला, सहा यायला, त्यात १० अ‍ॅम्पियरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वायरीतच खर्च. १२ ऐवजी ११.१ पोचले की १२० वॅटचे १०३ राहिले. सहा स्क्वेअर एमएम टाकली तर गळती ०.३७ वर आली. मल्टिमीटर बॅटरीवर नका लावू, फ्रिजच्या टर्मिनलवर लावा, फ्रिज चालू असताना. तेच २३० चं. ढाब्यावर प्लग मिळाला म्हणून खूश होऊ नका, संध्याकाळी तिथे १९० व्होल्ट असेल तर १२५ वॅटचा हीटर ८५ च देतो. मी मुक्कामाला असलो की सरळ गॅसवर टाकतो, कडक उन्हात गॅसवरच तो सगळ्यात चांगला चालतो.

गॅसचं मात्र साफ ठेवा. झाकण काढून ज्योत बघा, निळी आणि ठाम हवी. पिवळी, नाचरी असेल तर काजळी आहे. बर्नरच्या नळीत कोळ्याची जाळी हमखास असतात, एक हंगाम गाडी उभी राहिली की झालंच. नळी ब्रशने साफ करा, धुराड्यात वरून एक पिळाची पट्टी लटकत असते ती काढून काजळी झाडा आणि आठवणीने परत लावा, ती नसेल तर उष्णता भुर्रकन वर निघून जाते. जेटच्या भोकात सुई किंवा तार घालू नका, भोक केसभर मोठं झालं तरी ज्योत बिघडते, स्पिरिटमधे बुडवून ठेवा आणि फुंकून वाळवा. गाडी चालताना गॅस बंद, पेट्रोल पंपावर शिरण्याआधी तर बंदच बंद, आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवं कारण एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो.

पाणसळ. हे कुणी सांगत नाही आणि यानेच फ्रिज कायमचे मरतात. आतलं पातळ सगळं उतारानेच वाहतं, पंप नाहीये. उभ्या गाडीत फ्रिज एका बाजूला कलला असेल तर ते एका कोपऱ्यात साचतं, खालचा बॉयलर कोरडा तापतो आणि आतला गंजरोधक क्षार जळून नळीत बसतो, मग संपलं. नव्या फ्रिजला डावी-उजवी ३ डिग्री आणि पुढे-मागे ६ डिग्रीपर्यंत चालतं, जुन्यांना तेवढं पण नाही. गवंड्याकडची छोटी पाणसळ घ्या, फ्रीझरच्या तळावर ठेवा, बुडबुडा मधे येईपर्यंत चाकाखाली फळ्या सरकवा. गाडी चालत असताना काळजी नको, हेलकावे दोन्हीकडे बसतात.

गाडी लावायची कुठे. सावली तर हवीच, पण त्याहून जास्त बघायचं की फ्रिजची भिंत कुठल्या दिशेला आहे. दुपारनंतर ऊन पश्चिमेचं आणि लू पण बहुतेक तिकडूनच, त्यामुळे जाळ्यांची बाजू पूर्वेला किंवा उत्तरेला. लू थेट वरच्या जाळीत शिरली तर सगळी वाट उलटी होते, गरम हवा बाहेर पडायच्या ऐवजी खाली दाबली जाते. डांबरावर किंवा फरशीवर लावू नका, खालची जाळी त्या तापलेल्या जमिनीची हवा ओढते. कडुनिंबाखाली कच्च्या जमिनीवर लावा आणि जाळीसमोर दोन बादल्या पाण्याचा सडा घाला, आजी अंगणात संध्याकाळी घालायची तसा. हसू नका, खरंच करून बघा.

यापुढची पायरी माझी स्वतःची, वाळ्याचा पडदा. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरात दुपारी दारांना वाळ्याचे पडदे भिजवून लावायचे, बाहेर भाजत असायचं आणि आत तो ओला गारवा आणि वास. इथली लू कोरडी असते, पाणी पटकन उडतं आणि हवा गार होते, हेच फ्रिजला का नको म्हणून व्हॅनच्या चांदणीच्या (बाहेरच्या कापडी छताच्या) दांड्याला एक जुना पडदा खालच्या जाळीसमोर दीड फुटावर टांगला आणि तासातासाने भिजवला. जाळीपाशी हवा ४४ वरून ३६ वर आली. आठ डिग्री, फुकट. फक्त दोन गोष्टी, पडदा जाळीला चिकटवायचा नाही आणि पाणी जाळीवर मारायचं नाही, आत बर्नर आणि वायरिंग आहे. गॅसवर असताना पडदा अजून थोडा लांब. आणि पावसाळ्यात हा उद्योग बंद, हवेतच ओल असली की काही उपयोग नाही.

आता दाराच्या आतलं. दहाची नोट दारात अर्धी धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर तिथे रबर गेलंय, सगळीकडे फिरून बघा, विशेषतः बिजागरीकडे. रबर दबलं असेल तर गरम पाण्याचं फडकं शेकून बरंच परत येतं. आत थंड पात्यांवर बर्फाचा थर चढू देऊ नका, तो थंडीला आत येऊ देत नाही. त्या पात्यांवर एक बारीक सेन्सर क्लिपने बसवलेला असतो, तो वर सरकवला की बऱ्याच फ्रिजमधे थंडी वाढते. एक छोटा यूएसबी पंखा आत ठेवा, पात्यांवर हवा मारणारा, नाहीतर वर ४ आणि खालच्या डब्यात ११ असं होतं. तापमान हवेचं मोजू नका, पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवा आणि ५ च्या आत आहे का बघा.

आणि पाणी. पाहुणे आले की पहिले पाण्याच्या बाटल्या फ्रिजमधे कोंबतात. हिशोब करा, दोन लिटर पाणी ४० वरून ५ वर आणायला साधारण २९३ किलोज्यूल काढावे लागतात, आणि असा फ्रिज भिंतींतून येणारी उष्णता निस्तरून वर २० वॅट काढतो असं धरलं तरी चार तास झाले, एका बाटलीला! तेवढा वेळ तुमचं दूध वाट बघणार. पाण्याला सुरई ठेवा, मस्त गार होतं. फ्रिज निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच घरच्या विजेवर चालू करा, रिकाम्याला पण पूर्ण थंड व्हायला रात्र लागते, आणि त्यात जे ठेवायचं ते घरच्या फ्रिजमधे आधी गार केलेलं. आम्ही दोन बाटल्या घरी दगडासारख्या गोठवून आत ठेवतो. दुपारी १ ते ५ दार उघडायचं नाही असा घरात कायदाच आहे, ताक आणि पन्हं वेगळ्या आइस बॉक्समधे बाहेर, मुलं तिथेच जातात.

ज्यांच्याकडे १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज आहे त्यांना यातलं निम्मं लागू नाही, पाणसळ नाही, गॅस नाही, पण मागची हवा, जाड वायर, दाराचं रबर हे सगळं तेच. त्याचा कंडेन्सर ब्रशने झाडा, आणि व्होल्टेज पडलं की तो कटऑफ होतो, लोकांना वाटतं बिघडला. नवीन घेणार असाल आणि छतावर ३००-४०० वॅट सोलर लावणार असाल तर इकडच्या उन्हासाठी मी पण तोच घ्या म्हणेन. माझा पैसा आधीच गेलाय.

हे सगळं करून पण थंड होत नसेल तर मागे टॉर्च मारून बघा. वेटोळ्यांवर कुठे पिवळी पावडर दिसली किंवा अमोनियाचा नाक झोंबणारा वास आला तर युनिट फुटलंय, ज्योत, हीटर सगळं बंद करा, गाडीची दारं उघडा आणि बाहेर व्हा, आत हायड्रोजन पण असतो. पावडर नाही, वास नाही, तासभर चालवून बॉयलर कडक तापला पण खालचं वेटोळं बाहेरच्या हवेपेक्षा जरा पण गरम नाही, तर आत अडकलंय. अशा वेळी मेकॅनिक येतो आणि म्हणतो गॅस भरून देतो, हजार-दीड हजार. याच्यात तसा गॅस भरतच नाहीत, युनिट कारखान्यातच दाबाने सील केलेलं असतं, भोक पाडलं की संपलं. माझ्याकडे आलेल्याने पाना काढलाच होता, मी त्याला चहा पाजला आणि येण्याजाण्याचे दीडशे देऊन परत पाठवला.